ताई, गंमत होती हो

२०२४ च्या गणपतीतली गोष्ट. शनिवारी मंडळाचा महाप्रसाद होता आणि कोण काय करून आणणार याची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होती. मसालेभात दोघींनी घेतला होता, म्हणून एकीला मटकीच्या उसळीकडे वळवणं चाललं होतं. फ्रोझन मोदक चालतील की नाही यावर दरवर्षीप्रमाणे दोन तट पडले होते. मधेच एका काकांचा मेसेज आला, "महाप्रसाद पूर्ण शाकाहारी आहे ना, खात्री करून घ्या बुवा. स्प्रिंगफिल्ड काही फार लांब नाही!" पुढे मांजराचं तोंड आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन पिवळे चेहरे. लगेच खाली अंगठे, टाळ्या, "काका एक नंबर", "काकू, माऊला आत घ्या". मी लिहिलं, "नाही समजलं काका. स्प्रिंगफिल्डचं काय?" समजलं होतं अर्थातच. कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशातून स्प्रिंगफिल्डला आलेले लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात, अशी अफवा तेव्हा उठली होती. पण असला विनोद करणाऱ्याला तो जरा उलगडून सांगायला लावावा, म्हणजे आत काय भरलंय ते त्याचं त्यालाच बाहेर काढावं लागतं. काका कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "अहो ताई, गंमत होती हो. लाइटली घ्या." तेवढ्यात कुणीतरी विचारलं, पुऱ्या तळून आणायच्या की हॉलवर तळायच्या?

हॉलवर तळायच्या ठरल्या.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या आमच्या डेटनपासून स्प्रिंगफिल्ड गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. ओहायोतल्या अनेक गावांसारखंच कारखान्यांवर वाढलेलं आणि कारखाने गेल्यावर ओस पडत गेलेलं गाव. १९६० मध्ये ८२ हजारांवर असलेली वस्ती २०२० पर्यंत ५९ हजारांच्याही खाली आली होती. मग गोदामं, मोटारीचे सुटे भाग, भाज्यांचं पॅकिंग अशी कामं परत आली, पण त्यांना माणसं मिळेनात. ती हैतीहून आलेल्यांनी भरली. थोड्या वर्षांत बारा ते वीस हजार लोक आले, बहुतेक सगळे कायदेशीर परवानगीवर. त्याचा ताण पडलाच. घरभाडी वाढली, दवाखान्यात रांगा लागल्या, शाळांत हैतीची क्रिओल भाषा बोलणारे दुभाषे पुरेनात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका हैतियन माणसाची गाडी शाळेच्या बसवर आदळली आणि ११ वर्षांचा मुलगा गेला. वर्षभराने राजकारणी त्या मुलाचं नाव सभांमधून घेऊ लागले, तेव्हा त्याचे वडील नगर आयोगाच्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या मुलाला एखाद्या साठ वर्षांच्या गोऱ्या माणसाने मारलं असतं तर बरं झालं असतं. निदान तुम्ही त्याचं नाव वापरलं नसतं. हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाडी चालवत होते. रेडिओ बंद केला आणि घर येईपर्यंत परत लावला नाही.

मांजराची कथा त्याच दिवसांतली. तिचा उगम बघितला तर आपल्याकडच्या पारावरच्या गप्पांची आठवण यावी. फेसबुकवरच्या एका स्थानिक गटात कुणीतरी लिहिलं, की शेजारणीने सांगितलं, की तिच्या मुलीच्या मैत्रिणीची मांजर हरवली होती. पुढे ती शेजारीणही म्हणाली, की मलाही हे दुसऱ्याच कुणाकडून कळलं. याला मग कुठून कुठून ठिगळं जोडली गेली. मेलेला हंस हातात धरून चाललेल्या माणसाचा फोटो, तो निघाला कोलंबस या दुसऱ्याच शहरातला. मांजर मारल्याबद्दल एका बाईला अटक झाली होती, ती घटना ओहायोच्या दुसऱ्या भागात कँटनला घडलेली आणि बाई अमेरिकेतच जन्मलेली, हैतीशी तिचा काडीचाही संबंध नाही. गावचे पोलीस आणि नगरपालिका सांगत राहिले, की अशी एकही विश्वासार्ह तक्रार आमच्याकडे नाही. त्यांचं सांगणं ऐकायला कुणाला वेळ होता?

कारण तोवर खरं-खोटं हा प्रश्नच उरला नव्हता, त्याची गंमत होऊन गेली होती. टेक्सासच्या एका सिनेटरने एकमेकांना बिलगलेल्या दोन पिल्लांचं चित्र टाकलं. त्यावर मजकूर असा, की कृपा करून ट्रम्पना मत द्या, म्हणजे हैतीचे लोक आम्हाला खाणार नाहीत. प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीतल्या रिपब्लिकन सदस्यांच्या खात्यावर ट्रम्प एका मांजराला आणि एका बदकाला छातीशी धरून आहेत, असं एआयने काढलेलं चित्र आलं. अ‍ॅरिझोनात पक्षाने चक्क रस्त्याकडेला फलक लावले, मांजरं कमी खा, मत आम्हाला द्या. एका प्रसिद्ध चिकन-सँडविच कंपनीच्या जाहिरातीची ती नक्कल. यातल्या कुणीही 'हैतीचे लोक मांजरं खातात' असं विधान केलेलं नाही हे नीट बघा. फक्त पिल्लांची काळजी केलेली आहे. खोडायचं कशाला? पिल्लांच्या काळजीला? तुम्ही आकडेवारी, पोलिसांचं पत्रक वगैरे घेऊन गेलात की तुम्हीच बावळट ठरता, साधा विनोद कळत नाही म्हणून. सरळ आरोप करणाऱ्याला कुणीतरी पुरावा विचारतं. उपरोधाला तो कुणी मागत नाही, आणि मागितलाच तर मागणाऱ्याच्याच विनोदबुद्धीची झडती होते.

सरळ विधान शेवटी ट्रम्पनी केलं, 'ते कुत्री खातायत, मांजरं खातायत.' १० सप्टेंबरला अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या फिलाडेल्फियातल्या वादसभेत, ६ कोटी ७० लाख लोकांसमोर. आणि मग दुसरी बाजू हसायला लागली. त्या वाक्याची गाणी झाली, त्यांवर लोक कुत्री-मांजरं घेऊन नाचले. माझ्या ओळखीतल्या, कुठल्याही हैतियन माणसाबद्दल मनात वाकडं नसलेल्या लोकांनी ते व्हिडिओ मला पाठवले, कारण ते ट्रम्पना हसत होते. पण शाळेच्या बसमध्ये बसलेल्या हैतियन पोराला मागच्या बाकावरून ते वाक्य ऐकू आलं, तर मागचा पोरगा कुणाला हसतोय हे त्याने कसं ओळखायचं? स्प्रिंगफिल्डच्या हैतियन खानावळीत फोन यायचे, आज मांजर आहे का? तिथेच त्या आठवड्यात लांबलांबून माणसं मुद्दाम जेवायला येत होती, तळलेल्या केळ्यांसाठी रांगा लागत होत्या, हेही खरं. फोन करणारे आणि रांगेत उभे असलेले, दोघांनाही त्या खानावळीचं नाव त्या वाक्यामुळेच कळलेलं.

नंतर बॉम्बच्या धमक्या सुरू झाल्या. शाळा, नगरपालिका, इस्पितळं. तीसहून अधिक धमक्या आणि सगळ्या पोकळ. काही तर देशाबाहेरून आलेल्या, असं गव्हर्नर डीवाइन म्हणाले. ते स्वतः रिपब्लिकन आणि जन्माने स्प्रिंगफिल्डचेच. रोज सकाळी शाळेच्या इमारती तपासायला त्यांनी राज्याचे पोलीस धाडले. विद्यापीठाने वर्ग ऑनलाइन घेतले, गावातला सांस्कृतिक उत्सव रद्द झाला. एका कारखानदाराने टीव्हीवर सांगितलं, हैतीचे कामगार चांगले आहेत, मला आणखी मिळाले तर हवेत, तर धमक्या त्यालाच आल्या. उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स मुलाखतीत म्हणाले, लोकांच्या हालांकडे माध्यमांचं लक्ष वेधायला गोष्टी रचाव्या लागल्या तर मी त्या रचेन.

मी इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. रक्त काढायच्या खोलीत एक हैतियन मुलगी आहे. मुलगी म्हणते, पण तिला दोन मुलं आहेत. हात असा हलका, की शीर सापडत नाही म्हणून बाकीच्यांनी सोडून दिलेले पेशंट तिच्याकडे पाठवतात. दंडाला रबरी पट्टा बांधताना ती काहीतरी गुणगुणते आणि पट्टा सुटला की थांबते. त्या पंधरवड्यात एक म्हातारे गृहस्थ आले, डोक्यावर बेसबॉलची टोपी, स्वभावाने गप्पिष्ट. तिचे उच्चार ऐकून त्यांनी विचारलं, कुठली तू? तिने सांगितलं. गृहस्थांनी माझ्याकडे बघून डोळा बारीक केला आणि तिला म्हणाले, "मग आज डब्यात काय आणलंयस?" ती म्हणाली, "मूठ घट्ट करा. थोडं टोचेल." जांभळ्या टोपणाची ट्यूब भरली, तिने ती हलकेच उलटीसुलटी केली, लेबल चिकटवलं, कापसाच्या बोळ्यावर पट्टी लावली. गृहस्थ थँक यू म्हणून गेले. आभार अगदी मनापासून मानले, टोचलेलं कळलंसुद्धा नाही म्हणाले.

दुपारी मी तिला म्हटलं, तक्रार कर. ती हसली. "जे ओरडतात त्यांची तक्रार करता येते. ह्याची काय करू? पेशंटने माझ्या जेवणाची चौकशी केली असं लिहू?" मग डबा उघडता उघडता म्हणाली, की तिच्या घरी एक मांजर आहे, मूत्रपिंडाच्या आजारावरचं खास खाणं लागतं तिला, आणि महिन्याच्या हिशोबात ते मांजर त्या सगळ्यांपेक्षा महाग खातं. "कोण कुणाला खातंय ते येऊन बघा म्हणावं."

तिच्याकडून मी बरंच ऐकलं. तिची मावशी ब्रुकलिनमध्ये असायची. १९८३ मध्ये एड्सचा धोका असलेल्या गटांची यादी निघाली, तिच्यात हैतियन हा एक अख्खा गट होता. दोन वर्षांनी यादीतून नाव काढलं, पण तोवर मुलांना शाळेत, बायकांना घरकामाच्या ठिकाणी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुन्हा १९९० मध्ये हैतियन लोकांचं रक्तच घ्यायचं नाही असा फतवा निघाला. २० एप्रिलला हजारो लोक ब्रुकलिन ब्रिजवरून चालत गेले, त्यांत ही मावशी. त्या वर्षअखेरीला बंदी उठली. हे सगळं ती मला रक्ताच्या ट्यूबांचा रॅक हातात घेऊन सांगत होती आणि त्यातला विरोधाभास तिच्या लक्षात आला नव्हता असं मुळीच नाही. "तेव्हाही विनोदच करायचे," ती म्हणाली. "मावशी सांगते, बसमध्ये शेजारी बसलेला माणूस नाटकीपणाने नाक दाबून उठायचा, आणि त्याचे मित्र हसायचे."

हसवणुकीचा हा धंदा इथल्याच मातीतला आहे. कोलंबसच्या ईशान्येला माउंट व्हर्नन नावाचं गाव आहे, तिथे १८१५ मध्ये डॅन एमेट जन्मला. १८४३ मध्ये त्याने आणि आणखी तिघांनी न्यूयॉर्कमध्ये जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ रंगवून, बँजो आणि फिडल वाजवत काळ्या गुलामांची सोंगं आणली आणि अमेरिका त्यांवर वेडी झाली. आळशी, कोंबडीचोर, नाचरा, मोडकंतोडकं बोलणारा, मालकाशिवाय ज्याचं पान हलत नाही असा हा सोंगातला काळा माणूस. उत्तरेतल्या ज्या गोऱ्यांचा खऱ्या कृष्णवर्णीयांशी फारसा संबंधही आला नव्हता, त्यांनी त्याला रंगमंचावर पाहून ओळखून घेतलं. त्याच्याही आधी, १८३० च्या सुमारास टॉमस राइसने रंगवलेल्या अशाच एका पात्राचं नाव जिम क्रो. दक्षिणेत काळ्यांना वेगळे डबे, वेगळे नळ, वेगळ्या शाळा देणारे कायदे पुढे त्याच नावाने ओळखले गेले. सुटका झालेले काळे शेतकरी कलिंगडं पिकवून विकू लागले, चार पैसे बघू लागले, तर त्याचीही टिंगल झाली. आजही ऑनलाइन चेष्टेत कलिंगडाचं चित्र टाकलं की पुढचं बोलायची गरज पडत नाही. चिनी लोकही यातून सुटले नाहीत. १८८० च्या दशकात उंदराच्या औषधाच्या जाहिरातीत उंदीर गिळणारा चिनी माणूस दाखवला होता.

भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना राइट बंधूंचं सायकलचं दुकान दाखवायला नेतो. तिथून जवळच कवी पॉल लॉरेन्स डनबरचं घर आहे. पाहुण्यांचे पाय तोवर दुखायला लागलेले असतात, त्यामुळे ते बहुतेक वेळा राहून जातं. डनबर ऑरव्हिल राइटच्या वर्गातला. आईवडील केंटकीत गुलामगिरीत वाढलेले. हा वर्गात एकटाच काळा, हुशार. शिक्षण झाल्यावर नोकरी मिळाली लिफ्ट चालवायची, आठवड्याला ४ डॉलर. लिफ्टमध्ये येणाऱ्याजाणाऱ्यांना तो स्वतःचं कवितांचं पुस्तक विकायचा. पुढे नाव झालं, पण मोठमोठ्या समीक्षकांना त्याच्या बोलीतल्या कविताच आवडायच्या. नीटस इंग्रजीत, वृत्तात लिहिलेल्या कवितांचं कौतुक बेताचं. आयुष्यभर त्याला ते सलत राहिलं. १९०६ मध्ये क्षयाने गेला, वय ३३. लोकांना जो काळा माणूस ऐकायची सवय लागली होती, तोच त्यांना त्याच्याकडून हवा होता.

काकांबद्दल सांगायला हवं, नाहीतर ते उगाच खलनायक वाटतील. माझी आई आजारी असल्याचा फोन रात्री अकराला आला, तेव्हा पहाटेच्या विमानासाठी दीड तास गाडी चालवून मला सोडायला आलेले हे काका. मंडळात कुणाचंही सामान हलवायचं असो, ट्रक भाड्याने आणणारे तेच. आणि विनोद त्यांना खरंच चांगला करता येतो. आम्ही सगळेच खवचट बोलण्यावर पोसलेले. माझ्या माहेरी तर तोंडावर स्तुती करणं असभ्य मानलं जायचं, माया करायची तीसुद्धा टोमण्यातून. तिरकस बोलण्यावर माझा काही राग नाही, उलट ते नसेल तर जेवण अळणी लागतं मला. पण आमच्या घरात टोमणा मारला जायचा तो समोर बसलेल्याला, आणि त्याला परत मारायची मुभा असायची. आजोबांना आजी मारायची, आजीला आम्ही. ग्रुपवरच्या त्या मेसेजला उलट टोमणा मारू शकणारं माणूस ग्रुपवर नव्हतंच. तिथे कुणी क्रिओल बोलणारा असता, तर काकांनी तो टाकला असता का? नसता टाकला, इतके ते सभ्य आहेत.

आणि ही काही अमेरिकेत येऊन लागलेली सवय नव्हे. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये बडोद्यात आणि मग वानखेडेवर ऑस्ट्रेलियाचा कृष्णवर्णीय क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्स याला बघून लोकांनी माकडाचे आवाज काढले, हातवारे केले. फोटो छापून आले, मुंबई पोलिसांनी काही जणांना धरलं. घरी चर्चा अशी, की ऑस्ट्रेलियावाले काय कमी शिवीगाळ करतात, आणि त्यात एवढं काय, गणपतीत नाही का पोरं ओरडत. इथे येऊन फक्त एक गोष्ट नवीन कळली. ऑफिसच्या स्वयंपाकघरात एखादा गोरा सहकारी आवाज खाली आणतो, आजूबाजूला नजर टाकतो, त्या नजरेत मी येते आणि पास होते. मग तो काळ्या माणसांवरचा विनोद सांगतो. त्या नजरेत एक आमंत्रण असतं, तू आमच्यातली, ये बस. परदेशात इतकी वर्षं काढल्यावर असं आमंत्रण कुणाला नको असतं? हसण्याला पैसे पडत नाहीत. लॅबमधल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनीही डोळा मारला तो मला, हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवत होते. बिल तिच्या नावावर फाडायचं होतं आणि मला नुसतं साक्षीला बसवलं होतं.

मग डिसेंबर आला. नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसावरून मोठा गदारोळ उठला आणि इतके दिवस मांजरांत रमलेली तीच मंडळी आमच्याकडे वळली. आता एआयने काढलेल्या चित्रांत आम्ही होतो. आमचा वास, आमचे हेल, हाताने जेवणं, शेण, गोमूत्र. सगळं हसतखेळत, पिवळ्या चेहऱ्यांसकट. ग्रुप पेटून उठला. मला वाटलं, आता कुणीतरी सप्टेंबरची आठवण काढेल. छे. काकांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. भारतीयांचं सरासरी उत्पन्न किती, पिचाई आणि नडेला कोणत्या कंपन्या चालवतात, डॉक्टर किती, कर किती, आपण कसे कायद्याने आलो. मजकुराचा एकूण सूर असा, की तुमचा काहीतरी घोटाळा झालाय साहेब, हे विनोद आमच्यासाठी नव्हते. स्प्रिंगफिल्डमधलेही बहुतेक कायद्यानेच आले होते आणि करही भरत होते, असं मी लिहिलं. कुणी अंगठा दिला नाही, कुणी वादही घातला नाही. थोड्या वेळाने काकांचा वेगळा, खासगी मेसेज आला. "ताई, तुम्ही लिहिता ना? आपल्याबद्दल काय काय चाललंय, त्यावर लिहा एकदा खणखणीत." मी म्हटलं, लिहिते.

लॅबमधली ती आता नर्सिंगच्या कोर्सला आहे, संध्याकाळचे वर्ग. २०२५ मध्ये सरकारने हैतीच्या लोकांचं, मायदेशी परत न पाठवण्याचं तात्पुरतं संरक्षण संपवत असल्याचं जाहीर केलं. दावे दाखल झाले, तारखा मागेपुढे होत राहिल्या. पुढची टर्म भरायची वेळ आली तेव्हा मी तिला विचारलं, थोडं थांबतेस का, निकाल काय लागतो ते बघून? "नाही, भरली मी फी," ती म्हणाली. "परत मिळत नाही असं पावतीवर लिहिलंय. आता एवढे पैसे घेतल्यावर परीक्षा होईपर्यंत तरी मला ठेवून घ्यायला नको का त्यांनी? कायद्याने चालणारा देश आहे म्हणतात."